जुनी संगणक प्रणाली आणि ती जाणणारी माणसे

धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात नव्या खाटा, नवी यंत्रसामग्री आणि नवे विभाग यांची माहिती अग्रक्रमाने दिली जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. देणगीदारांच्या दातृत्वातून उभी राहिलेली वस्तू डोळ्यांना दिसते, तिच्यावर नामफलक लावता येतो. मात्र रुग्णालयात असेही एक साधन आहे, की ज्यावर अवघा दैनंदिन कारभार अवलंबून असतो आणि तरीही जे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ते म्हणजे रुग्णनोंदणी, औषधसाठा, तपासण्यांचे अहवाल, देयके आणि हिशेब सांभाळणारी संगणक प्रणाली.

या प्रणालीविषयी देणगीदार व विश्वस्त प्रामुख्याने तीन प्रश्न विचारतात. ती इतकी जुनी का आहे? जुनी असेल तर नवी विकत का घेतली जात नाही? आणि एकदा संगणक घेऊन झाल्यावर दरवर्षी त्यावर पुन्हा खर्च कशासाठी? रुग्णांच्या नातेवाइकांचा प्रश्न थोडा निराळा असतो : "मागच्या खेपेस सारी माहिती दिली होती, मग तीच पुन्हा का विचारता?" या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. संगणक प्रणालीची देखभाल ही मुख्यत्वे यंत्राची देखभाल नसून ती जाणणाऱ्या माणसांची आणि त्यांच्यापाशी असलेल्या माहितीची देखभाल होय, हे ध्यानात घेतले म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो. तोच विषय या लेखात विस्ताराने मांडला आहे.

प्रणाली जुनी होते म्हणजे काय होते?

शस्त्रक्रियागृहातील दिवा किंवा क्ष-किरण यंत्र वापरून झिजते. संगणकातील आज्ञावली तशी झिजत नाही. वीस वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्राम आजही दोन आणि दोन चारच सांगतो. असे असूनही तो जुना होतो, कारण त्याच्या भोवतालचे जग बदलते. ब्रिटनमधील संगणकतज्ज्ञ मेयर लेहमन यांनी १९७० च्या दशकात या विषयाचा अभ्यास करून असा नियम मांडला, की प्रत्यक्ष वापरात असलेली प्रणाली सतत बदलत ठेवावी लागते, अन्यथा तिची उपयुक्तता उत्तरोत्तर कमी होत जाते.

आपल्यासारख्या रुग्णालयांना या नियमाचा प्रत्यय वारंवार येतो. महाराष्ट्रातील सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांच्या कायद्यातील कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली जी योजना मंजूर केली, तीनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. अन्य रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत स्वतंत्रपणे जमा करावी लागते. ही योजना येण्यापूर्वी लिहिल्या गेलेल्या देयक प्रणालींत अशा निधीसाठी रकानाच नव्हता. तो नव्याने घालावा लागला.

त्यानंतर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. १८ जुलै २०२२ पासून अतिदक्षता विभाग वगळता दिवसाला ५,००० रुपयांहून अधिक भाडे असलेल्या खोल्यांवर ५ टक्के कर लागू झाला. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ झाला, आणि रुग्णाच्या नोंदीशी १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक जोडण्याची सोय हवीशी झाली. हाच क्रमांक पुढे 'आभा' या नावाने ओळखला जाऊ लागला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. यांपैकी प्रत्येक बदल जुन्या आज्ञावलीत कोठे ना कोठे शिवावा लागतो. एकाच वस्त्राला वर्षानुवर्षे ठिगळे लावावीत, तसा प्रकार होतो. कोणते ठिगळ कोणत्या कारणाने लावले, हे ते लावणाऱ्यालाच ठाऊक असते.

दुसरे कारण यंत्रांचे. नव्वदीच्या दशकात आपल्याकडील पतसंस्था, सहकारी बँका, साखर कारखाने आणि रुग्णालये यांनी पहिल्या संगणक प्रणाली बसविल्या, त्यांपैकी असंख्य प्रणाली फॉक्सप्रो अथवा क्लिपर यांत लिहिलेल्या होत्या. ही साधने स्वस्त होती, साध्या संगणकावर चालत आणि गावातील एखादा होतकरू तरुणही त्यांत सफाईने काम करी. फॉक्सप्रोची आणखी आवृत्ती निघणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने २००७ साली जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये शेवटच्या आवृत्तीचे साहाय्यही थांबविले. तथापि प्रणाली चालूच राहिल्या. त्यांतील माहितीच्या एका फाइलचा आकार २ गिगाबाइटच्या पलीकडे जाऊ शकत नाही, आणि डॉस काळातील फॉक्सप्रो आजच्या ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाही. यामुळे काही ठिकाणी केवळ एका प्रोग्रामसाठी जुना संगणक जपून ठेवावा लागतो. तो बिघडला तर सुटे भाग मिळत नाहीत.

रुग्णालयातच जन्मलेली एक भाषा

जुनी प्रणाली म्हणजे टाकाऊ प्रणाली, असा समज होऊ नये म्हणून येथे एक उदाहरण सविस्तर देणे उचित होईल. ते अमेरिकेतील असले तरी रुग्णालयांचे असल्याने आपल्याला जवळचे वाटेल.

बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत नील पापालार्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६-६७ च्या सुमारास रुग्णांच्या नोंदी ठेवण्यासाठी एक संगणकीय भाषा तयार केली. तिच्या पूर्ण इंग्रजी नावातील आद्याक्षरे घेऊन तिचे नाव 'मम्प्स' असे ठेवण्यात आले. इंग्रजीत गालगुंडाच्या आजारालाही हेच नाव आहे. त्या काळी संगणकाची स्मृती अत्यंत तोकडी असल्याने या भाषेतील आज्ञा एकेका अक्षरातही लिहिता येत. जागा वाचली खरी, परंतु अशी आज्ञावली नवख्या माणसाला वाचणे फार कठीण जाते.

या भाषेत दिवसांची मोजणी ३१ डिसेंबर १८४० पासून होते. एवढी विचित्र तारीख का, असे कोणालाही वाटेल. ज्यांनी ती निवडली त्यांनीच पुढे याचा खुलासा केला. अमेरिकेतील तेव्हाच्या अतिवृद्ध नागरिकांपैकी एक १२१ वर्षांचा असल्याचे त्यांच्या वाचनात आले होते, आणि अशा रुग्णाची जन्मतारीखही नोंदीत बसावी या हेतूने मोजणीचा आरंभ इतका मागे नेण्यात आला. कारण पूर्णतः समंजस होते. मात्र ते आज्ञावलीत कोठेही लिहिलेले नव्हते. सांगणारा भेटला म्हणून समजले. प्रत्येक जुन्या प्रणालीत अशी शेकडो कारणे दडलेली असतात आणि त्यांपैकी बहुतेकांचा सांगणारा पुढे भेटत नाही.

याच भाषेत अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाच्या रुग्णालयांसाठी एक विस्तृत प्रणाली उभी राहिली. तिचा आरंभ १९७० च्या दशकाच्या अखेरीस झाला आणि पुढे तिला 'व्हिस्टा' हे नाव मिळाले. ती एखाद्या कंपनीने बनवून दिली नव्हती. त्या रुग्णालयांतील डॉक्टर, औषधनिर्माते आणि संगणक कर्मचारी यांनी एकत्र बसून, आपापल्या गरजेनुसार ती घडविली होती. १९९२ साली कॅन्सस राज्यातील टोपिका येथील सू किनिक या परिचारिकेने भाड्याची मोटार परत करताना तेथील कर्मचाऱ्याला हातातील यंत्राने बारकोड वाचताना पाहिले. रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि औषध यांची पडताळणीही अशीच करता येईल, असे तिने सुचविले. नव्वदीचे दशक संपता संपता ही पद्धत त्या विभागाच्या रुग्णालयांत सर्वत्र पोहोचली. औषध देण्यातील चुका टाळण्याचा हा मार्ग आज जगभर रूढ आहे. मम्प्सच्या पायावर उभ्या असलेल्या अन्य प्रणाली आजही अमेरिकेतील अनेक मोठ्या रुग्णालयांत कार्यरत आहेत.

सारांश, प्रणालीचे वय हा तिचा दोष नव्हे. ती घडविणारी आणि समजणारी माणसे जोवर जवळ आहेत तोवर ती सुधारत राहते. ती माणसे निवृत्त होऊ लागली, म्हणजे मात्र प्रश्न उभा राहतो.

माणसांचा प्रश्न

एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे अमेरिकेत लाखो लोकांचे रोजगार गेले आणि बेकारी भत्त्यासाठी अर्जांचा पूर आला. त्या वेळी न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकार परिषदेत 'कोबोल' जाणणाऱ्या स्वयंसेवकांना मदतीचे जाहीर आवाहन केले. कोबोल ही व्यापारी हिशेबांसाठी १९५९-६० मध्ये आखली गेलेली भाषा. साठ वर्षांनंतरही राज्याचा कारभार तिच्यावर चालत होता आणि ती जाणणारे लोक मात्र सेवेत उरले नव्हते. पुढे काही अभ्यासकांनी असे दाखवून दिले, की प्रत्यक्षात ताण सहन न झालेला भाग बहुतांशी अर्ज स्वीकारणाऱ्या नव्या संकेतस्थळांचा होता. पाठीमागील जुना भाग चालतच होता. दोष कोणाचा हे ओळखणारा माणूसच जागेवर नसला, म्हणजे सारे खापर जुन्या यंत्रणेवर फोडणे सोपे जाते.

या बाबतीत आपल्या देशाचा अनुभव उलट दिशेने बोलका आहे. नव्वदीच्या दशकात, इसवी सन २००० च्या तारखेचा प्रश्न सोडविण्यासाठी पुण्या-मुंबईतील आणि देशभरातील हजारो तरुणांनी कोबोल शिकून परदेशी बँका व विमा कंपन्यांच्या जुन्या आज्ञावल्या तपासल्या. त्या कामातून भारतीय संगणक उद्योगाला मोठी चालना मिळाली. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भाषा शिकणे हा फार मोठा अडसर नाही. बुद्धिमान तरुण काही आठवड्यांत जुनी भाषा शिकू शकतो. शिकायला वर्षे लागतात ती त्या संस्थेचे नियम, अपवाद आणि इतिहास. 'प्रसूतीच्या रुग्णाचे देयक नवजात अर्भक अतिदक्षता विभागात गेल्यावर दोन नावांवर का विभागले जाते', 'अमुक सवलत समाजसेवा विभागाच्या शिफारशीनंतरच का उघडते', या गोष्टी कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतात.

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ साली हाच विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. त्यांच्या मते प्रोग्रामचे खरे सार कागदावरील आज्ञांत नसून तो रचणाऱ्यांच्या मनातील आकलनात असते. तो गट विखुरला की प्रोग्राम चालू असूनही एका अर्थाने निर्जीव होतो, कारण त्यात समजून-उमजून बदल करणारे कोणी उरत नाही. रुग्णालयातील मंडळींना हे सहज पटेल. अनुभवी परिचारिका निवृत्त होताना तिच्या नोंदवह्या वॉर्डात राहतात. परंतु कोणत्या रुग्णाकडे केव्हा अधिक लक्ष द्यावे ही तिची दृष्टी नोंदवहीत उतरलेली नसते.

लहान व मध्यम रुग्णालयांत ही सारी जाण बहुधा एकाच व्यक्तीपाशी असते. तीच प्रणाली लिहिते, तीच दुरुस्त करते, मध्यरात्री दूरध्वनी येतो तोही तिलाच. अशा व्यक्तीने रजा घेणेही अवघड होऊन बसते. तिच्या हाताखाली तरुण मिळविणे तर त्याहून कठीण, कारण जुन्या साधनांवर काम केल्याने आपल्या पुढील वाटचालीस लाभ होणार नाही, अशी तरुणांना रास्त भीती वाटते. धर्मादाय संस्था खाजगी उद्योगाइतके वेतन देऊ शकत नाही, ही अडचण त्यात भर घालते. काही ठिकाणी प्रणाली बाहेरच्या व्यक्तीकडून लिहून घेतलेली असते आणि मूळ आज्ञावली, म्हणजे जिच्यात बदल करता येतो ती लिखित प्रत, संस्थेच्या ताब्यातच नसते. लिहिणाऱ्याने व्यवसाय बंद केला की संस्थेपाशी चालणारा प्रोग्राम राहतो, पण त्याची किल्ली हरवलेली असते.

नवी प्रणाली विकत घेणे हाच उपाय का नव्हे?

वर उल्लेखिलेल्या माजी सैनिक विभागाची पुढील कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. व्हिस्टाला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. सुमारे १७० रुग्णालयांच्या त्या विभागात तिच्या स्थानिक गरजेनुसार बदललेल्या सुमारे १३० निरनिराळ्या आवृत्त्या झाल्या होत्या आणि तिचा खर्च वाढत होता. २००१ पासून नूतनीकरणाचे तीन मोठे प्रयत्न झाले, पण त्यांपैकी एकही इच्छित फळापर्यंत पोहोचला नाही. अखेरीस मे २०१८ मध्ये सर्नर या कंपनीची तयार प्रणाली घेण्याचा दहा वर्षांचा, सुमारे १० अब्ज डॉलरचा करार झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथील रुग्णालयात ती प्रथम सुरू झाली.

त्या विभागाच्या महानिरीक्षकांनी जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल प्रत्येक विश्वस्ताने विचारात घेण्याजोगा आहे. डॉक्टरांनी संगणकावर नोंदविलेल्या तपासण्या, पुढील भेटी इत्यादींच्या ११,००० हून अधिक सूचना ज्या विभागाकडे जावयास हव्या होत्या तेथे न जाता एका अज्ञात रांगेत पडून राहिल्या. सूचना पोहोचली नाही, असे डॉक्टरला कळविण्याची सोयही नव्हती. विभागाच्या स्वतःच्या रुग्णसुरक्षा पथकाने यामुळे १४९ रुग्णांना कमीअधिक इजा पोहोचल्याचे नोंदविले. एप्रिल २०२३ मध्ये, पाच रुग्णालयांत प्रणाली बसविल्यानंतर, पुढील काम थांबविण्यात आले. २०२६ पासून मिशिगन राज्यातील रुग्णालयांतून ते पुन्हा हाती घेण्याचे विभागाने २०२४ च्या अखेरीस जाहीर केले.

यावरून नवी प्रणाली वाईट असते असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. तीच प्रणाली अन्यत्र अनेक रुग्णालयांत वापरात आहे. यातील बोध असा, की जुन्या प्रणालीत दशकानुदशके मुरलेली कार्यपद्धती नव्या प्रणालीत आपोआप उतरत नाही. कोणती सूचना कोठे जाते आणि ती न पोहोचल्यास काय होते, हे जाणणाऱ्या लोकांनी ते बसून, उलगडून सांगावे लागते. म्हणजे जी माणसे जुन्या प्रणालीच्या देखभालीसाठी लागतात तीच, किंबहुना अधिक प्रमाणात, नव्या प्रणालीकडे जाण्यासाठीही लागतात. ती निवृत्त झाल्यावर प्रणाली बदलू, असे म्हणणे हा सर्वांत महागडा निर्णय ठरतो.

आहे तसेच राहू देणे का परवडत नाही?

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. उत्पादकाने साहाय्य थांबविलेल्या संगणकांत सुरक्षेच्या त्रुटी उघड्या राहतात. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या घातक प्रोग्रामने जगभरातील संगणक कुलूपबंद केले. त्या वेळी इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८० रुग्णालय न्यासांना त्याची झळ पोहोचली आणि १९,००० हून अधिक रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज पुढे व्यक्त करण्यात आला. त्रुटी बुजविणारी दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध झाली होती. ती सर्व संगणकांवर बसविली गेली नव्हती.

आपल्या देशात २३ नोव्हेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर असाच हल्ला झाला. पाच सर्व्हरमधील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतचे काम कित्येक दिवस हाताने, कागदावर करावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही अवस्था झाली, तर तुटपुंज्या साधनांच्या रुग्णालयाने अधिकच सावध असावयास हवे.

याखेरीज कायदेशीर कर्तव्यही आहे. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. नोंदी जुन्या संगणकात आहेत आणि तो सुरू होत नाही, ही सबब तेथे चालणार नाही. एखाद्या कर्करुग्णाला दुसऱ्या शहरात उपचार घ्यावयाचे असतील, तर त्याच्या दृष्टीने ते ७२ तासही पुष्कळ असतात.

मराठी नावांची अडचण

मराठी नोंदी ठेवणाऱ्या संस्थांपुढे एक खास अडचण उभी राहते. नव्वदीच्या दशकात देवनागरी टंकलेखनासाठी पुण्याच्या सी-डॅकची, तसेच श्री-लिपीसारखी अन्य साधने आपल्याकडे वापरात आली. मराठीचा संगणकावर प्रवेश झाला तो त्यांच्यामुळे, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या काळच्या बहुतेक फाँटांत अक्षरांचे आकार स्वतःच्या खास क्रमांकांनी साठविले जात आणि प्रत्येक फाँटचे क्रमांक निराळे असत. तो फाँट संगणकावर नसला, की 'ज्ञानेश्वर' या नावाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. आजच्या युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. मात्र जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांत हटकून गफलत होते, आणि शेवटी माणसाने डोळ्यांखालून घालणे हाच उपाय उरतो.

त्यात नावे नोंदविण्याच्या तऱ्हा अनेक. एकच भगिनी माहेरच्या, सासरच्या आणि इंग्रजी स्पेलिंगच्या तीन नावांनी तीन केसपेपरांवर असते. त्या तिघी एकच, हे संगणक आपण होऊन ठरवू शकत नाही. चुकीने दोन भिन्न व्यक्तींच्या नोंदी एकत्र झाल्या, तर एकीचा रक्तगट वा औषधाची ॲलर्जी दुसरीच्या नावावर जाण्याचा धोका असतो. म्हणूनच नोंदणी खिडकीवर पूर्ण नाव, जन्मतारीख व भ्रमणध्वनी क्रमांक पुन्हा विचारला जातो. या विचारण्यामागे रुग्णाची सुरक्षितता हाच हेतू असतो.

मधला मार्ग

जुने तसेच ठेवणे धोक्याचे आणि एका रात्रीत सारे बदलणे त्याहून धोक्याचे. अशा वेळी जगभरातील अनुभवी मंडळी क्रमाक्रमाने जाण्याचा मार्ग सुचवितात. ब्रिटिश संगणकतज्ज्ञ मार्टिन फाउलर यांनी २००४ साली त्यासाठी वडाच्या जातीतील एका झाडाचा दृष्टान्त दिला. आपल्याकडे ताडाच्या डोक्यावर रुजलेला वड पुष्कळांनी पाहिला असेल. पक्ष्याने टाकलेले बी वर रुजते, मुळे हळूहळू खाली उतरतात, जमिनीत घट्ट होतात, आणि काही वर्षांनी ताड गेला तरी वड स्वतःच्या आधाराने उभा राहतो. नवी प्रणालीही अशीच जुनीच्या आधाराने, एकेक विभाग घेत वाढवावी. प्रथम औषधसाठा, मग प्रयोगशाळा, त्यानंतर देयके. आणि प्रत्येक टप्प्यावर काही काळ दोन्ही प्रणाली समांतर चालवून हिशेब ताडून पाहावा.

या मार्गाने जाताना रुग्णालयाने पुढील गोष्टींची काळजी घेणे आवश्यक ठरते.

पहिली, प्रणालीचे लिखित टिपण. कोणता नियम कोणत्या वर्षी, कोणत्या आदेशामुळे घातला, याची साध्या मराठीत नोंद असावी. निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेल्या कर्मचाऱ्यास दैनंदिन कामातून आठवड्याचा एक दिवस या लेखनासाठी मोकळा ठेवल्यास पुढे फार मोठा खर्च वाचू शकतो.

दुसरी, एकाच्या जागी दोन माणसे. दुसरी व्यक्ती वरकरणी अनावश्यक भासते. पण अतिदक्षता विभागात एकच डॉक्टर असावा, असे कोणी म्हणत नाही.

तिसरी, मूळ आज्ञावलीवर संस्थेचा हक्क. करार करतानाच ती लिखित प्रत संस्थेच्या ताब्यात राहील, आणि करार संपल्यावर सर्व माहिती वाचनीय स्वरूपात परत मिळेल, अशी अट असावी.

चौथी, माहितीच्या प्रती. त्यांपैकी एक रुग्णालयाबाहेर आणि जाळ्यापासून अलग ठेवावी, आणि तिच्यावरून सारे पुन्हा उभे करता येते की नाही, याची वर्षातून काही वेळा प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. न तपासलेली प्रत असून नसल्यासारखीच.

पाचवी, संगणक बंद पडल्यास कागदावर काम करण्याचा सराव. छापील केसपेपर आणि औषधचिठ्ठ्यांचा एक संच प्रत्येक वॉर्डात असावा, आणि नव्या परिचारिकांनाही तो वापरता यावा.

आणि सहावी, डॉक्टर, परिचारिका, औषधालयातील व नोंदणी खिडकीवरील कर्मचारी यांचा निवडीत सहभाग. प्रणाली वापरणाऱ्यांना वगळून ती निवडली गेली, तर तिचे पैसे दोनदा मोजावे लागतात.

देणगीदार व नातेवाइकांस विनंती

या साऱ्या खर्चाचा मोठा भाग वेतन, प्रशिक्षण आणि वार्षिक देखभाल यांवर होतो. एका यंत्रासाठी देणगी मिळते, मात्र ते यंत्र ज्या प्रणालीला जोडले जाते तिच्या सांभाळासाठी वेगळी तरतूद क्वचितच होते. यापुढे यंत्रासाठी देणगी देताना तिचा काही अंश देखभाल व प्रशिक्षणासाठी राखून ठेवण्याची मुभा दिल्यास, अथवा संगणक विभागातील एखाद्या तरुण कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणाचा भार उचलल्यास, ते दान खाटेइतकेच रुग्णाच्या उपयोगी पडेल. निर्धन रुग्णाला मोफत खाट मिळते ती देणगीदारांच्या औदार्यामुळे. ती खाट त्या रात्री रिकामी आहे आणि या रुग्णाचा तिच्यावर हक्क आहे, हे खिडकीवरील कर्मचाऱ्याला वेळेत कळते ते प्रणालीमुळे. विश्वस्तांनी संगणक विभागाचा आढावा घेताना खर्चाच्या आकड्यासोबत 'हे जाणणारी आपल्याकडे किती माणसे आहेत आणि ती किती वर्षे राहणार आहेत' हा प्रश्नही दरवर्षी विचारावा.

रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती एवढीच, की जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड व तपासण्यांचे अहवाल जपून ठेवावेत आणि प्रत्येक भेटीस सोबत आणावेत. नोंदणीच्या वेळी रुग्णाचे नाव दरवेळी एकाच पद्धतीने सांगावे आणि पडद्यावर वा पावतीवर ते चुकीचे दिसल्यास तत्काळ निदर्शनास आणावे. आपण सुधारून घेतलेली एक वेलांटी पुढील कित्येक वर्षे आपल्या रुग्णाच्या नोंदी एकत्र ठेवील.